खुनी माणसाची परतीची वाट



“जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, चौदा संपली की माणूस सुटला,” हे वाक्य मुखेडच्या बाजारात काय किंवा कोर्टाच्या आवारात काय, आपण सर्वांनीच ऐकलेले आहे. ते खरे नाही. गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर निकाल देताना 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जन्मठेप म्हणजे उरलेल्या सर्व आयुष्याची कैद. सरकारने सूट दिली तरच ती आधी संपते. मग चौदाचा आकडा आला कोठून? ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्यातील जन्मठेपेच्या कैद्यास प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्यावाचून सोडू नये, असे बंधन 1978 साली कायद्यात घातले गेले आणि आजच्या नव्या संहितेतही ते कायम आहे. चौदा वर्षे हा सुटकेचा मुहूर्त नव्हे. त्याआधी दाराला हात लावू नये, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा घोटाळा ‘पॅरोल’ या शब्दाचा. परदेशांत पॅरोल म्हणजे देखरेखीखालची सुटका. आपल्याकडे ती रजा आहे. मुंबई राज्याने 1959 साली तिचे नियम केले व त्यांत पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या. संचित रजा म्हणजे फर्लो; ती चांगल्या वर्तनाबद्दल मिळते व तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. घरातील मृत्यू, आजारपण अशा अडचणीसाठी ती मिळते व तिचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत.

आता मुख्य प्रश्न. ज्याने क्रूरपणे माणूस मारला, त्याला ही वाट कधीतरी मोकळी असावी काय? नको म्हणणाऱ्यांचे भय पोकळ नाही. मुंबईत वडाळा येथे 2012 साली एका तरुण वकील स्त्रीचा तिच्याच इमारतीच्या पहारेकऱ्याने खून केला. जन्मठेप भोगत असता 2016 साली त्यास नाशिकच्या कारागृहातून पॅरोल मिळाला. तो परत आलाच नाही. 2017 साली तो काश्मीरात सापडला. त्या मुलीच्या घरच्यांनी ते दिवस कसे काढले असतील, याचा विचार केल्यावाचून या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणास नाही.

परंतु दुसरी बाजूही महाराष्ट्रानेच दाखविली आहे. औंध संस्थानात 1939 साली भवानराव पंतप्रतिनिधी व मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बेडी नाही. कैद्याने कुटुंबासह राहावे व शेती करावी. शांताराम यांच्या 1957 च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला स्फूर्ती मिळाली ती येथूनच. आपल्या मराठवाड्यात पैठण येथेही खुले कारागृह आहे. या प्रयोगांचे मर्म असे की, विश्वास एकदम टाकलेला नाही. पायरीपायरीने पारखून टाकलेला आहे.

म्हणून आमचे मत असे की, दार कायमचे भिंतीत चिणू नये. पण ते कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने उघडले, हे लोकांसमोर यावे. अपवाद हवेतच, व ते ठरविण्याचे काम न्यायासनाचे आहे. काही अतिनिर्घृण गुन्ह्यांत मरेपर्यंत सूट नाही असा हुकूम वरिष्ठ न्यायालये देऊ शकतात, हे 2008 च्या निकालाने ठरले व 2015 साली कायम झाले. आणि दार चुकीच्या हाताने उघडले तर काय होते? गुजरातेत 2002 साली झालेल्या अत्याचार व खुनांचा एक खटला मुंबईत चालला होता. त्यातील अकरा कैद्यांना गुजरात सरकारने 15 ऑगस्ट 2022 रोजी सोडले. तो अधिकार गुजरातचा नव्हे, महाराष्ट्राचा, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2024 रोजी ती सूट रद्द केली व सर्वांना परत तुरुंगात पाठविले.

शेवटी एक गोष्ट खेड्याची. शहरातला कैदी सुटला तर गर्दीत मिसळून जातो. आपल्या तालुक्यातला सुटला तर तो त्याच गावी, त्याच गल्लीत, त्याच बांधावर येतो. मृताची विधवा पाण्याला निघते तेव्हा तो समोर उभा. शिक्षेत सूट देण्याच्या कलमात न्यायाधीशांचे मत मागविण्याची तरतूद आहे. त्या बाईला विचारण्याची सक्ती मात्र नाही. तिचा शब्द अखेरचा असावा असे आम्ही म्हणत नाही, कारण सूड म्हणजे न्याय नव्हे. पण तिचे म्हणणे कागदावर यावे आणि सुटकेची तारीख तिला गावाच्या आधी कळावी, एवढे तरी व्हावे. कैद्यास परतीची वाट देणारा समाज उदार खरा. पण त्या वाटेवर जिचे घर आहे, तिला विसरून दाखविलेले औदार्य हे तिच्याच पदरचे असते, आपल्या पदरचे नव्हे.