बँक मित्राचा गल्ला

बँकेची शाखा चालवायची तर जागा, तिजोरी, पगारदार कर्मचारी आणि रोकडीची ने-आण यांचा खर्च दरमहा ठरलेलाच असतो, आणि ज्या वस्तीत बहुतेक व्यवहार दोनशे-पाचशे रुपयांचे असतात तेथे तो भरून निघत नाही. म्हणूनच १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर ग्रामीण शाखा झपाट्याने वाढूनही अनेक वाड्या-पाडे बँकेपासून दूरच राहिले. या अडचणीवर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६मध्ये बँकांना आपल्या वतीने व्यवहार करणारे प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. प्रारंभी ती स्वयंसेवी व सहकारी संस्थांसारख्यांपुरती होती. पुढे किराणा दुकानदार, निवृत्त शिक्षक आणि २०१०पासून नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्याही तिच्या कक्षेत आल्या. कागदोपत्री ‘व्यवसाय प्रतिनिधी’ असलेली ही व्यक्ती गावात बँक मित्र म्हणून ओळखली जाते.

ऑगस्ट २०१४मध्ये प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाल्यावर किमान शिल्लक ठेवण्याची अट नसलेली कोट्यवधी खाती उघडली गेली आणि अनुदाने थेट खात्यात जमा होऊ लागली, तेव्हा या व्यवस्थेवरचा भार एकदम वाढला. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये काढण्यासाठी आलेली महिला बँक मित्राला आधार क्रमांक आणि बँकेचे नाव सांगते व छोट्या यंत्रावर अंगठा ठेवते. ठसा आधारच्या नोंदीशी जुळला की तिच्या खात्यातून रक्कम वजा होते आणि पावती निघते. मात्र तिच्या हाती पडणाऱ्या नोटा बँकेच्या तिजोरीतल्या नसतात, त्या बँक मित्राच्या स्वतःच्या गल्ल्यातल्या असतात. तेवढीच रक्कम त्याच्या बँकेतील खात्यात जमा होते, आणि ती पुन्हा नोटांच्या रूपात आणण्यासाठी त्याला शाखा गाठावी लागते. पैसे भरण्याचा व्यवहार नेमका उलटा चालतो: रोकड गल्ल्यात येते आणि त्याच्या खात्यातली शिल्लक घटते.

आर्थिक समावेशनाच्या, म्हणजे बँकिंग सर्वांपर्यंत नेण्याच्या, चर्चेत यंत्र आणि आधार यांचेच कौतुक अधिक होते. प्रत्यक्षात ही व्यवस्था एका लहान दुकानदाराच्या खेळत्या भांडवलावर उभी आहे. हप्ता जमा झाला की दुपारीच गल्ला रिकामा होतो आणि ‘उद्या या’ असे सांगावे लागते, ज्याचा अर्थ मजुरी बुडवून आलेल्या माणसासाठी आणखी एक दिवस बुडणे असा होतो. कमिशन मिळते ते व्यवहारामागे मोजक्या रुपयांचे, आणि त्यातलाही वाटा बहुधा मधली कंपनी घेते. ग्राहकाकडून परस्पर शुल्क घेण्यास मनाई असूनही दहा-वीस रुपये कापून घेण्याचे प्रकार घडतात ते काही अंशी यामुळेच; अर्थात, त्याने ते समर्थनीय ठरत नाहीत.

अंगठ्याची अडचण वेगळी आहे. उसतोडीत, बांधकामावर किंवा वयामुळे बोटांच्या रेषा झिजतात आणि ‘अंगठा लागत नाही’ म्हणून स्वतःचेच पैसे अडकतात. दुसरीकडे, दस्तांवरील ठशांच्या नकला करून परस्पर पैसे काढल्याच्या फसवणुकीही उघड झाल्या आहेत. आधारमधील ठसे हवे तेव्हा बंद ठेवण्याची सोय त्यासाठीच आहे, पण बँक मित्राकडे येणाऱ्या ग्राहकाला ती क्वचितच ठाऊक असते. बचत गटातील महिलांना बँक सखी म्हणून नेमल्यावर संकोच कमी होतो, कारण खात्यातील शिल्लक ओळखीच्या बाईला विचारता येते आणि पावती मोठ्याने वाचून मिळते.

गावातील लोक पैसे काढण्याबरोबर भरूही लागले, तर एकाची जमा दुसऱ्याच्या हाती देता येते आणि बँक मित्राच्या शाखेकडच्या फेऱ्या कमी होतात. परंतु जेथे खात्यात फक्त अनुदान येते आणि ते त्याच आठवड्यात संपते, तेथे रोकड एकाच दिशेने वाहते. अशा ठिकाणी शाखेने बँक मित्रापर्यंत रोकड पोहोचवली नाही किंवा त्याला अल्पमुदतीचे कर्ज दिले नाही, तर गल्ला हीच सेवेची मर्यादा ठरते.