पाठ झालं, पण वापरलं का?

परदेशी देणग्यांवर चालणाऱ्या विकाससंस्थांत अहवालांचा दुष्काळ कधीच नसतो. किती गावं, किती शिबिरं, किती लाभार्थी, सगळे रकाने भरलेले. तरी एका देशात फसलेली योजना दुसऱ्या देशात त्याच थाटात सुरू होते, कारण माहिती गोळा होणं वेगळं आणि तिच्यामुळे कुणाचं काम, कुणाचा पगार बदलणं वेगळं. बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेचं उदाहरण घ्या. १९८० पासून दहा वर्षं तिच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवत होत्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. पण मोबदला घरांच्या संख्येवर नव्हता. नंतर तपासनीस काही घरी जात, आईला पाणी करायला लावत, आणि तिला जेवढं जमलं त्यावर कार्यकर्तीची कमाई ठरे.

यावर आक्षेप ठरलेला: मग कार्यकर्ती आयांकडून घोकंपट्टीच करून घेणार. झालंही तसंच. आयांना सगळं तोंडपाठ होतं, मूल आजारी पडलं की मात्र हे पाणी फारच थोड्या घरांत दिलं जाई. संस्थेने याचं खापर आयांच्या अडाणीपणावर फोडलं नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शोध घेतल्यावर कळलं की खुद्द कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर भरवसा नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या औषधाच्या गोळ्या घेत. घरातल्या पुरुषांना तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना हे पाणी काम कसं करतं ते नीट समजावलं गेलं, बाजारात, मशिदीत पुरुषांच्या बैठका झाल्या, आणि वापर वाढला.

अपयश उघड केलं तर देणगीदार पळतील, ही भीती खोटी नाही. तरी ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स कॅनडा’ने २००८ पासून स्वतःच्या फसलेल्या कामांचे अहवाल छापले आणि ती संस्था काही बुडाली नाही. अर्थात नुसती कबुली म्हणजेही शिकणं नव्हे. तिचंही कर्मकांड होऊ शकतं. खरी अडचण देणगीदारांशी केलेल्या करारात असते. तीन वर्षांची उद्दिष्टं आधीच लिहून दिलेली असतील, तर दुसऱ्या वर्षी चूक दिसूनही हात बांधलेलेच. शिवाय अशा तपासणीला पैसा लागतो. ब्रॅकने १९७५ मध्येच स्वतःचा संशोधन विभाग काढला होता. ‘ऑफिसखर्च’ कमी असलेली संस्था शोधणाऱ्या देणगीदाराच्या कात्रीत पहिल्यांदा सापडतो तो नेमका हाच खर्च.