सूर्यास्तापूर्वीचे अन्न

कच्छमधील भद्रेश्वरचे श्रेष्ठी जगडूशाह यांचे नाव आजही जैन घराघरांत आदराने घेतले जाते. विक्रम संवत 1313 ते 1315 या दुष्काळात त्यांनी आपली कोठारे खुली केली. सर्वानंदसूरींच्या ‘जगडूचरित’ या संस्कृत काव्यात ती कथा आली आहे. संकटाची चाहूल लागताच त्यांनी धान्य साठविले, गुजरातचे राजे वीसलदेव यांनाही ते पुरविले. आणि मागण्यास लाजणाऱ्या कुटुंबांकडे मिठाईत सुवर्णमुद्रा दडवून ‘लज्जापिंड’ पाठविले. आगाऊ तयारी, राज्यसत्तेशी सहकार्य आणि घेणाऱ्याच्या मानाची जपणूक या तीन गोष्टी त्या दानात एकत्र आल्या होत्या.

आजचा प्रश्न दुष्काळाचा नाही, अन्न योग्य वेळी योग्य दारी पोहोचविण्याचा आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबास 35 किलो धान्याचा हक्क दिला. परंतु परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर मुक्काम करणाऱ्या नातेवाइकांजवळ ना चूल असते, ना भांडी. त्यांना तांदूळ नव्हे, शिजलेला भात हवा असतो.

ही उणीव मुंबईच्या डबेवाल्यांनी ओळखली. 2015 मध्ये त्यांनी ‘रोटी बँक’ सुरू केली. पुढे माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांच्या पुढाकाराने या कार्यास संस्थेचे रूप आले. उपाहारगृहे व समारंभांतील उरलेले चांगले अन्न गोळा करून गरजूंपर्यंत नेणे, ही त्यामागील साधी कल्पना. अन्न एकाकडे, वाहन दुसऱ्याकडे आणि गरजूंचा ठावठिकाणा तिसऱ्याकडे असतो. या तिघांची गाठ पडली तरच ताट भरते.

या साखळीत जैन समाजाला स्वाभाविक स्थान आहे. आपल्याकडील स्वामीवात्सल्य व विवाहभोजने बहुधा सूर्यास्तापूर्वी आटोपतात. वासी अन्न आपण वर्ज्य मानतो, म्हणजे उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी उपयोगी नाही. नेमक्या त्याच घटकेला शहरातील अनेकांना रात्रीच्या जेवणाची चिंता पडलेली असते. म्हणून आयोजकांनी जेवणावळीनंतर फोन शोधत बसू नये. केटररशी करार करतानाच वितरण संस्थेशी वेळ ठरवावी आणि झाकणाची स्वच्छ भांडी राखून ठेवावीत. पानात वाढलेले, उष्टे अन्न कधीही देऊ नये. अतिरिक्त अन्नाच्या वितरणासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये विनियम केले आहेत. ते अन्न वेगळे व स्वच्छ ठेवावे, त्यावर पदार्थाचे नाव आणि वापरण्याची मुदत असावी, अशी अपेक्षा आहे.

व्यापाऱ्याने हिशेबाची बाजूही पाहावी. मोफत दिलेल्या करपात्र मालावरील इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. घेतले असल्यास ते परत करावे लागते. सुट्या, पाकीटबंद नसलेल्या धान्य-कडधान्यावर कर नसल्याने तेथे हा प्रश्न येत नाही. प्राप्तिकरातील देणगीची सवलत वस्तुरूप दानास मिळत नाही, तसेच 2000 रुपयांवरील रोख देणगीसही मिळत नाही. सवलत हवी असल्यास मान्यताप्राप्त संस्थेस धनादेश द्यावा. धान्य द्यायचे असल्यास ते निव्वळ दान समजून द्यावे. मुदत संपत आलेला माल ‘दान’ म्हणून खपविणे हा मात्र धर्मही नव्हे आणि व्यापारही नव्हे.

सर्वांत कठीण भाग लज्जापिंडाचा आहे. आजारपणामुळे किंवा बुडालेल्या धंद्यामुळे खचलेले कुटुंब रांगेत उभे राहत नाही. ते कधी आपल्याच पेढीच्या उधारीच्या वहीत दिसते. नियमित गिऱ्हाईक एकाएकी निम्मी डाळ नेऊ लागले, तर त्याचा अर्थ गल्ल्यावरील माणसाइतका दुसऱ्या कोणास कळणार? अशा घरी महिन्याचा शिधा नेहमीच्या सामानासारखाच जावा. त्यावर दात्याचे नाव नको आणि छायाचित्र तर नकोच.

श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभाग. संविभाग म्हणजे योग्य वाटणी. जे उरले ते देणे ही त्याची पहिली पायरी. देण्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवणे ही दुसरी. जगडूशाह दुसऱ्या पायरीवर उभे होते. आपल्या प्रत्येक पेढीला ती पायरी चढणे शक्य आहे.