‘कबूल’ म्हटल्यानंतरचे बोलणे

निकाह मुळात बोलण्यावरच उभा आहे. ईजाब आणि कबूल हे शब्द साक्षीदारांच्या कानांवर पडावे लागतात. मनातल्या मनात निकाह होत नाही. कुमारिकेच्या लाजेचा मान राखून तिचे मौन हीच तिची संमती, असे हदीसमध्ये आहे. पण ती सवलत त्या एका प्रसंगापुरती. आपण ती आयुष्यभर ताणली. सून गप्प आहे म्हणजे तिला मान्य आहे, असे आपल्या घरांत सर्रास धरले जाते.

कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत नवरा कुवेत, दुबई किंवा सौदीत आणि बायको गावी. पूर्वी पत्राची वाट पाहावी लागे. कुणी तिकडे जाणारा भेटला तर आवाज भरलेली कॅसेट पाठवली जाई. आता रोज व्हिडिओ कॉल होतो. तरी त्या एका कॅसेटमध्ये माणसे जेवढे मनातले बोलत, तेवढे आज महिनाभराच्या कॉलमध्ये बोलत नाहीत, असे आम्हाला वाटते. फोन आधी अम्मीकडे, मग अब्बांकडे, मग मुलांकडे. बायकोच्या हाती येतो तेव्हा सगळे भोवती बसलेले असतात. “जेवलात का?” “जेवलो.” “बरं आहे ना?” “बरं आहे.”

बरे असतेच असे नाही. त्याचा दोन महिन्यांचा पगार थकलेला असतो, पण ती काळजी करील म्हणून तो सांगत नाही. तिला डॉक्टरांनी तपासण्या सांगितलेल्या असतात, पण तो परक्या मुलखात एकटा म्हणून तीही सांगत नाही. दोघेही मायेनेच लपवतात. मग त्याच्या खोलीत राहणाऱ्या कुणाच्या घरून तिला पगाराचे कळते, आणि पगार थकल्यापेक्षा ‘मला का नाही सांगितलं?’ हेच जास्त लागते.

सर्वांत अवघड गाठ दागिन्यांची. व्हिसासाठी पैसे कमी पडतात, सुनेचे दागिने मोडले किंवा गहाण टाकले जातात. त्यात महरचे सोनेही असते. ते तिने दिले की उसने घेतले, परत कधी करायचे, हे त्या दिवशी कुणी बोलत नाही. घरच्या घरात असले काय विचारायचे! दहा वर्षांनी घर बांधून होते, नणंदेचे लग्न होते, आणि मग एखाद्या क्षुल्लक भांडणात ते दागिने बाहेर येतात. तो म्हणतो, तू खुशीने दिले होतेस. ती म्हणते, मला विचारले कुणी होते? सूरह निसामध्ये (४:४) बायकोने महरमधले काही स्वखुशीने सोडले तरच ते नवऱ्याने घ्यावे, असे सांगितले आहे. खुशी आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कळणार कसे? आणि उसने असेल, तर मुदतीचे कर्ज लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये (२:२८२) आहे. त्यातून नवरा-बायको वगळलेले नाहीत.

त्याच सूरहमध्ये (२:२३३) मुलाचे दूध दोन वर्षांआधी सोडवायचे तर तेही आई-बापाने एकमेकांच्या राजीखुशीने आणि सल्लामसलतीने ठरवावे, असे म्हटले आहे. दूध सोडवण्याला सल्ला लागतो, मग जमीन विकायला लागत नाही का?

बायकोचा सल्ला घेणे म्हणजे तिच्या मुठीत जाणे, अशी टिंगल आपल्याकडे चालते. हिजरी ६ मध्ये हुदैबियाच्या तहानंतर दुःखी सहाबी कुर्बानीसाठी उठेनात, तेव्हा प्रेषितांनी (स.) ही अडचण हजरत उम्मे सलमा (र.) यांना सांगितली. आपण कुणाशी न बोलता स्वतः कुर्बानी करावी, असे त्यांनी सुचवले. प्रेषितांनी (स.) तसेच केले आणि सगळे उठले.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आमची एक विनंती आहे. सुनेला फोन देऊन थोडा वेळ दुसऱ्या खोलीत जा. कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. इथे रात्री अकरा वाजतात तेव्हा तिथे साडेआठ, म्हणजे तो बहुधा कामावरून आलेला असतो. तेवढ्या वेळात पगार, आजार, कर्ज, सगळे निघू द्या. आणि दागिने मोडायचेच असतील, तर सराफाकडे जाण्याआधी वजन, तारीख आणि ‘उसने’ की ‘दिले’ हा एक शब्द वहीत लिहा. खाली दोघांची सही.