द्राक्षांच्या शिवारातली पायवाट

नाशिकमध्ये पायी भटकायचं म्हटलं की लोक लगेच बूट आवळून हरिहर, रामशेज, अंजनेरी अशी नावं घेतात. गड चढणं उत्तमच, पण सगळ्यांच्याच गुडघ्यांना ते मानवतं असं नाही. आज मी सांगणार आहे ते न चढता करायच्या भटकंतीबद्दल. सपाट शिवारातून, गाडीवाटेनं, बांधाबांधानं तीन-चार तास रमतगमत चालायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी यायचं.

फ्रान्समध्ये ही गोष्ट फार रुजलेली आहे. तिथं १९४७ पासून लांब पल्ल्याच्या पायवाटांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या खुणा रंगवायला सुरुवात झाली. गावाभोवतीच्या लहान फेऱ्यांना पिवळी खूण असते. दगडावर, खांबावर, झाडाच्या बुंध्यावर खूण पाहत माणसं गव्हाच्या रानातून आणि द्राक्षमळ्यांतून चालत राहतात. बर्गंडीतले दगडी कुंपणाचे छोटे छोटे मळे तर २०१५ मध्ये जागतिक वारशात गेले. हे वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, मळे तर आपल्याकडेही आहेत आणि वाटाही आहेत. मग आपण का चालत नाही?

मी चालू लागलो ते निफाड तालुक्यात. त्या काळी नाशिकरोडहून सकाळची पॅसेंजर पकडायची आणि ओढा, खेरवाडी मागं टाकून कसबे सुकेण्याला उतरायचं. टपरीवर चहा घ्यायचा, बाणगंगेच्या काठानं थोडं हिंडायचं आणि शिवारातल्या वाटेनं निफाडच्या दिशेनं निघायचं. वाटेत गहू, कांद्याची रोपं, उसाचे फड, प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी लागतात. आणि दोन्ही हातांना द्राक्षबागा. ज्यांना पाखरांची आवड आहे त्यांनी एखादा दिवस नांदूरमध्यमेश्वरसाठी ठेवावा. गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात तिथल्या बंधाऱ्यामागं हिवाळ्यात हजारो पाहुणे पक्षी उतरतात. महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून २०२० मध्ये तिची नोंद झाली.

आता कुणी म्हणेल, बाग एकदा पाहिली की पाहिली, दर महिन्याला काय पाहायचं? तर तीच गंमत समजावून सांगायची आहे.

फ्रान्समधली वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. त्या झोपेत तिची छाटणी होते, वसंतात ती फुटते आणि सप्टेंबरच्या आसपास द्राक्षं काढतात. वर्षाला एक छाटणी, एक पीक. आपल्याकडे इतकी थंडीच नाही. वेलीला झोप लागत नाही, म्हणून शेतकरी तिला कात्रीनं वर्षातून दोनदा जागं करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. बाग पार बोडकी दिसते आणि नवख्याला वाटतं, हिचं काही खरं नाही. पण त्यानंतर ज्या नव्या काड्या येतात, त्यांच्या डोळ्यांत पहिल्या दीड-दोन महिन्यांतच पुढच्या घडांची सूक्ष्म घडण होत असते. उन्हाळ्यातलं ऊन काडीला नीट मिळालं नाही, तर फेब्रुवारीत घड कमी दिसतात. म्हणजे आपण जे द्राक्ष खातो त्याचं भवितव्य मे-जूनमध्येच ठरलेलं असतं.

दुसरी छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास, तिला गोडी छाटणी म्हणतात. पेठ, सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या उतरतात, एकराच्या भावानं उक्तं काम घेतात आणि दिवसभर कात्र्यांचा कचकच आवाज चालतो. छाटलेल्या काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावतात. पुढं फुलोरा येतो, मणी धरतात, मग दाटी कमी करण्यासाठी विरळणी. मणी लांब आणि टपोरे व्हावेत म्हणून संजीवकाच्या द्रावणात घड बुडवतात, तेही एकेक करून. छाटणीपासून साधारण चार महिन्यांनी तोडणी. त्या दिवसांत बागेत ज्या बायामाणसांचे हात चालताना दिसतात, त्यांनी त्या एका घडाला किती वेळा हात लावलेला असतो याचा हिशेब केला, तर बाजारातला भाव विचारताना आपला आवाज आपोआप खाली येतो.

बागेचा साचा पाहूनही बरंच कळतं. डोक्यावर मांडव किंवा इंग्रजी वायसारखे लोखंडी अँगल आणि खाली लोंबणारे घड दिसले, तर ती खायची द्राक्षं. तारांवर उभ्या बांधलेल्या अरुंद ओळी आणि बारीक, गच्च मण्यांचे घड दिसले, तर ती वाइनची. गंगापूर धरणाच्या बाजूला आणि दिंडोरीकडं अशा ओळी जास्त दिसतात. १९९९ मध्ये सुला सुरू झाली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि पाहुणे ‘वाइनचं नाशिक’ पाहायला येऊ लागले. पण जिल्ह्यातली बहुतेक द्राक्षं पेटीत बसून खाण्यासाठीच जातात, हे चालणाऱ्यानं विसरू नये.

मी एकदा विसरलो होतो. जानेवारीची सकाळ होती, वाटेला लागून बाग होती. घडांवर पांढुरकी साय धरल्यासारखी दिसत होती. मला वाटलं, औषध असेल. म्हणून बोटानं पुसून पाहिलं. पलीकडून एक आजीबाई आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “दादा, घडाला हात नका लावू. ती त्याची लव हाये. पुसली का माल शिळा दिसतो, परदेशी पेटीत घेत नाही.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. त्या आत गेल्या आणि विरळणीतून बाजूला काढलेला एक वेडावाकडा घड आणून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. “हा खा. हा आपल्यासाठीच असतो.”

त्या दिवसापासून मी काही नियम पाळतो. वाट सोडून ओळीत शिरायचं नाही. कुणी दिसलं की आधी रामराम घालायचा आणि कुठून कुठं चाललो ते सांगायचं. ट्रॅक्टरवरचा ब्लोअर चालू असेल, तर थांबायचं किंवा वारा पाहून दुसरी वाट धरायची. फवारा अंगावर घेण्यात शौर्य नाही. निर्यातीच्या बागांची नोंदणी असते, प्रत्येक फवारणी वहीत लिहिलेली असते, मालाचा नमुना तपासणीला जातो. २०१० मध्ये एका संजीवकाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडली होती. ती आठवण ज्याच्या घरात आहे, त्यानं अनोळखी माणसाकडं संशयानं पाहिलं, तर त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता वाटांविषयी. आपल्या पायवाटांना रंगाच्या खुणा नाहीत, पण कागद आहे. प्रत्येक गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात असतो. त्यात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं दाखवलेला असतो. दोन गावांच्या सीमेवरून जातो तो शिवरस्ता. बांधावरून जायचा रस्ता हवा असेल, तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडं अर्ज करता येतो. असलेली वाट कुणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचा आधार आहे. या तरतुदी आपल्यासारख्या हौशी माणसांसाठी नाहीत. ज्याला शेतात बैलगाडी, ट्रॅक्टर न्यायचा आहे, त्याच्यासाठी आहेत. आपण त्याच्या वाटेवरचे पाहुणे.

पण या वाटा आक्रसत चालल्या आहेत. जमिनीच्या वाटण्या झाल्या, बांध कोरले गेले, पाणंदी दोन्ही बाजूंनी नांगराखाली आल्या. सुकेण्याकडची माझी एक आवडती वाट होती, दोन्ही अंगांना बाभळी असलेली. एका वर्षी गेलो तर तिथं काटेरी तार. वाट बंद झाल्यानं माझा एक वळसा वाढला, एवढंच. पण आत ज्याची बाग होती त्याच्या तोडलेल्या मालाच्या क्रेट डोक्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणाव्या लागत होत्या. चालणाऱ्याला जी गोष्ट रम्य वाटते, ती शेतकऱ्याच्या दृष्टीनं मालाचा रस्ता असते. २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आली ती याच अडचणीसाठी. काही ठिकाणी खडी पडलेली मी पाहिली आहे. काही ठिकाणी भाऊबंदकीनं फाईल अडली आहे.

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड तालुक्यात गारपीट झाली. त्यानंतर काही दिवसांनी मी त्या बाजूला गेलो होतो. ऑक्टोबरला छाटलेल्या बागा ऐन फुलोऱ्यात, मणी धरण्याच्या बेतात होत्या. पानांच्या चिंध्या झालेल्या आणि कोवळे घड मातीत पडलेले. बांधावर एक तरुण शेतकरी बसला होता. मी परत फिरणार होतो, पण त्यानंच हाक मारली, “काका, बसा की.” आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग तो म्हणाला, “एप्रिलला खरडतो पुन्हा. काडी शाबूत आहे.”

मला वाटतं, या शिवारातून चालण्याचा फायदा हाच. गाडीच्या काचेतून बाग म्हणजे हिरवी भिंत दिसते. पायी गेलं की काडी दिसते, काडीवरचा डोळा दिसतो आणि त्या डोळ्याकडं पाहत बसलेला माणूस दिसतो. येत्या हिवाळ्यात एखादा रविवार काढा. पाण्याची बाटली आणि डोक्याला टोपी घ्या, सकाळी लवकर निघा. आणि घडाला हात मात्र लावू नका.

(नभोवाणी भाषणावरून संपादित)