सहा बिऱ्हाडं, एक विहीर

२०१९ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. मी राहायला कर्जतला, व्यवसाय संगणक दुरुस्तीचा. खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यातून सकाळीच फोन आला. कारखाना लोखंडी सळयांचा. माल भरलेला ट्रक वजनकाट्यावर येतो, वजनाची नोंद संगणकात होते, चलन छापलं जातं आणि ट्रक फाटकाबाहेर पडतो. एवढ्या कामाला पूर्वी पाच-सात सेकंद लागत. आता दोन-दोन मिनिटं लागत होती.

मी पोहोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि काट्यापासून थेट गोदामापर्यंत ट्रक उभे होते. मॅनेजरसाहेबांचा निष्कर्ष आधीच तयार होता. "काट्यावरची मुलगी फार संथ आहे हो." ही मुलगी ठेकेदारामार्फत आलेली, रोज खोपोलीहून यायची. मला हळूच म्हणाली, "दादा, मी बटण दाबून नुसती बसून असते. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस." साहेबांचा दुसरा निष्कर्षही टेबलावर होता : सहा लाखांच्या नव्या सर्व्हरचं कोटेशन.

कारखान्यातला सर्व्हर म्हणजे एकच मोठा संगणक. पण एका खास सॉफ्टवेअरच्या मदतीने त्याच्या पोटात सहा संगणक थाटलेले होते. एक हिशेबाचा, एक वजनकाट्याचा, एक हजेरीपटाचा, वगैरे. यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आपण आभासी संगणक म्हणू. कल्पना जुनीच आहे. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या महाकाय यंत्रांसाठी अशी प्रणाली जाहीर केली होती. आपल्या टेबलावरच्या साध्या संगणकांवर ती १९९९च्या सुमारास उतरली.

एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. सहा बिऱ्हाडं. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी, प्रत्येकाच्या मोरीत नळ. पण सगळ्या नळांना पाणी येतं ते मागच्या अंगणातल्या एकाच विहिरीतून. बिऱ्हाडकरूला आपला नळ तेवढा दिसतो, विहीर दिसते ती मालकाला. आभासी संगणकांची विहीर म्हणजे हार्ड डिस्क.

या विहिरीची ताकद आपण समजतो त्याहून फारच थोडी असते. नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद. हवी ती जागा टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि टोकाला त्या रेषेवर सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. बेरीज करा : इकडेतिकडे विखुरलेली कामं असतील तर एक डिस्क सेकंदाला जेमतेम ८० उरकते. प्रोसेसर त्याच सेकंदात अब्जावधी आकडेमोडी करतो, आणि मग हात बांधून डिस्कची वाट बघत बसतो.

माझी पहिली चूक इथेच झाली. मी मोजमाप न करता मेमरी वाढवली. मेमरी अपुरी पडली की संगणक डिस्कलाच कच्ची वही म्हणून वापरू लागतो आणि सगळं मंदावतं, हे खरं. पण इथे तसं नव्हतं. पैसे गेले, ट्रक तिथेच. साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने ते त्या मुलीकडे पाहत असणार.

मग शिस्तीत बसलो. विंडोजमध्ये कामगिरी मोजण्याचं साधन असतं, ते प्रत्येक वाचनाला आणि लेखनाला किती वेळ लागला ते सांगतं. साधारण २० मिलिसेकंदांच्या आत असेल तर ठीक समजायचं. काट्याच्या आभासी संगणकात वाचन ठीक होतं, लेखनाला मात्र २०० च्या आसपास लागत होते. एका चलनामागे हिशेबाचं सॉफ्टवेअर काही शे वेळा लिहितं, एक झाल्यावर दुसरं. दोन मिनिटांचा हिशेब लागला.

पण हे झालं नळावरचं मोजमाप. आता मालकाच्या अंगणात जायचं, म्हणजे मूळ यंत्रावर मोजायचं. नळाला धार बारीक आणि विहीर भरलेली, असं असेल तर दोष मधल्या पाइपात : आभासी डिस्कसाठी जुनाट ड्रायव्हर बसवलेला असतो, तो बदलला की काम होतं. इथे मूळ यंत्रावरही लेखन तितकंच संथ निघालं. म्हणजे पाइप निर्दोष.

मग इतर बिऱ्हाडांत डोकावलो. सहाही संगणकांवरची व्हायरस-तपासणी रोज सकाळी दहाला सुरू होत होती, सगळ्यांची एकदम! शिवाय एका संगणकाची आठ महिन्यांपूर्वी घेतलेली 'स्नॅपशॉट' प्रत तशीच पडून होती. स्नॅपशॉट ही सुधारणा करण्यापूर्वी दोन दिवसांसाठी ठेवायची गोष्ट. ती राहिली की प्रत्येक नवा बदल वेगळ्या फाइलीत साठत जातो आणि डिस्कचं काम वाढतं. तपासण्या रात्री वेगवेगळ्या वेळी लावल्या. स्नॅपशॉट काढायचं काम रविवारवर ढकललं, कारण ते करतानाच डिस्कवर प्रचंड ताण येतो. दोन मिनिटांची सव्वा मिनिटं झाली. सुधारणा होती, पण उत्तर नव्हतं.

उत्तर डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाच्या नोंदवहीत सापडलं. चार डिस्क या कार्डाला जोडलेल्या होत्या, 'रेड-५' पद्धतीने. एक डिस्क मेली तरी माहिती वाचावी अशी ही सोय. पण तिची किंमत अशी, की एका लहान लेखनासाठी डिस्कना चार कामं करावी लागतात, दोन वाचनं आणि दोन लेखनं. चार डिस्कची मिळून सेकंदाला ३०० कामं धरली तर लेखनं उरतात ७५. एरवी हे जाणवत नाही, कारण कार्डावर स्वतःची मेमरी असते. ती लेखन झेलते, "झालं" म्हणून सांगते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. मधेच वीज गेली तर झेललेलं पुसू नये म्हणून शेजारी एक छोटी बॅटरी असते. ही बॅटरी संपली की कार्ड सावधपणे झेलणंच बंद करतं आणि प्रत्येक लेखन डिस्कवर पोहोचेपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवतं. नोंदवहीत लिहिलं होतं : बॅटरी निकामी. तारीख जूनमधली. सर्व्हर २०१४चा, खोलीतला एसी बंद पडलेला. पाच वर्षं टिकली हेच खूप.

साहेब म्हणाले, "मग बॅटरीशिवायच झेलायला लावा ना!" तशी सेटिंग असते. ती केली असती तर पाच मिनिटांत काटा धावला असता आणि मी शाबासकी घेऊन घरी गेलो असतो. पण आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि त्यांचा यूपीएसही थकलेला. झेललेली पण न उतरलेली चलनं गेली तर हिशेबाची फाइलच बिघडू शकते. मी नाही म्हटलं. साहेब नाराज झाले. दोन दिवस हातानं चलनं लिहिली, आणि तीही त्या मुलीनेच.

बॅटरी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळाली. खोपोली लोकलने मीच घेऊन आलो. बसवली, चार्ज व्हायला काही तास गेले, आणि संध्याकाळी चलन चार सेकंदांत निघालं. रविवारी स्नॅपशॉटही काढला.

आता नव्या यंत्रांत फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी येते. ती सेकंदाला हजारो कामं करते, म्हणून पुष्कळशी दुखणी झाकली जातात. पण भाड्याच्या क्लाउडवरही प्रत्येक डिस्कला मर्यादा ठरवून दिलेली असते. काही प्रकारांत सुरुवातीला जादा वेग उधार मिळतो आणि तो संपला की दुपारी सगळं रांगतं. तिथेही लोक आधी इंटरनेटला नावं ठेवतात, मग ऑपरेटरला.

कोटेशन रद्द झालं. मुलगी तिथेच राहिली. पुढे तिने हिशेब खात्यात बदली मागून घेतली. सर्व्हरच्या कपाटावर मी जाड पेनाने बॅटरीची तारीख लिहिली आणि खाली पुढच्या तपासणीची. गेल्या खेपेला गेलो तेव्हा त्याखाली कुणीतरी सुवाच्य अक्षरात आणखी एक ओळ लिहिलेली दिसली : "एसी बंद करू नये."