तेरेखोलच्या अल्याड-पल्याड : लग्न, वारसा आणि दोन कायदे

सिंधुदुर्गनगरीहून महामार्गाने बांद्याच्या पुढे पत्रादेवी ओलांडली की गोवा लागतो. बोली फारशी बदलत नाही, सोयरिकी तर दोन्हीकडे आहेत आणि उच्च न्यायालयही मुंबईचंच. सिंधुदुर्गनगरीचं अपील आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातं, गोव्यातल्या पेडण्याचं पर्वरीला, एवढाच फरक. पण नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा वाटा किती, याचं उत्तर मात्र इथे बदलतं. (खाली सिंधुदुर्गाबद्दल लिहिलं आहे ते हिंदू कुटुंबांपुरतं.)

हा फरक आला कुठून?

पेडणे महाल एकेकाळी सावंतवाडीकरांचा होता. १७८८ मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९६१ च्या मुक्तीनंतर संसदेने १९६२ च्या कायद्याने तिथले जुने कायदे चालू ठेवले. वारशाचा भाग गोव्याने २०१२ च्या स्वतःच्या कायद्यात नव्याने बांधला, तो २०१६ पासून लागू आहे. गंमत अशी की खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता केली आणि तिथे लग्नानंतर कमावलेली मालमत्ताच सामाईक, असा मूळ नियम झाला. लिस्बनने सोडलेली पद्धत पेडण्यात मात्र अजून नांदते आहे.

लग्न झालं की जमीन कुणाची?

खरा भेद इथे आहे. गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक होते. लग्नाआधीची, नंतरची, वारशाने आलेलीसुद्धा. दोघांचा वाटा निम्मा-निम्मा. म्हणून जमीन विकताना दोघांच्या सह्या लागतात. बहिणीने माहेरचा हक्क सोडायचा तर जावयाचीही सही हवी, हे इकडच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. सिंधुदुर्गात लग्नाने मालकी हलत नाही. सातबारावर नवऱ्याचं नाव असेल तर त्याच्या हयातीत जमीन त्याचीच, आणि बहिणीच्या हक्कसोडपत्रावर तिची एकटीची सही पुरते.

चाळीस गुंठ्यांचा हिशोब

समजा, एकाने स्वतः कमावलेली चाळीस गुंठे जमीन आहे. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. आई हयात नाही आणि मृत्युपत्रही नाही. सिंधुदुर्गात १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिघांना प्रत्येकी एक तृतीयांश, म्हणजे सव्वातेरा गुंठ्यांहून थोडं जास्त. गोव्यात आधी बायकोचे वीस गुंठे बाजूला निघतात. ते वारशाचे नव्हेत, तिचेच. उरलेल्या वीसचे मुलांना दहा-दहा.

मृत्युपत्र असेल तर दरी आणखी रुंदावते. इकडे तो चाळीसच्या चाळीस गुंठे कुणाही परक्याच्या नावे करू शकतो. गोव्यात मुलं असताना त्याला आपल्या वाट्यातला निम्माच, म्हणजे दहा गुंठे, मनाजोगता देता येतो; बाकीचा मुलांसाठी राखीव. रागाच्या भरात मुलीला बेदखल करायची सोय तिथे फारशी नाही. माझ्या मते गोव्याच्या कायद्याचं हेच मोठं बळ आहे.

मुलीचा हक्क आधी कुठे?

मुलगा-मुलगी समान वारस हे तत्त्व गोव्याच्या संहितेत सुरुवातीपासून आहे. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क दिला तो १९९४ मध्ये, तोही आधीच लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अटही गेली.

तरी गोव्याची संहिता निर्दोष नाही. १८८० च्या हुकुमाने हिंदू पुरुषाला, बायकोला ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर, दुसऱ्या लग्नाची मुभा ठेवली होती. ‘समान नागरी कायदा’ म्हणून गोव्याचं कौतुक करताना हे कलम सहसा सांगितलं जात नाही.

वाटणी कशी होते?

गोव्यात त्यासाठी न्यायालयात ‘इन्व्हेंटरी’ चालते. मालमत्तेची यादी होते, किंमत ठरते आणि एखाद्या घराचे तुकडे पडत नसतील तर वारसांमध्येच बोली लागते. आपल्याकडे वारसांची नोंद तलाठ्याकडे फेरफाराने होते. नावं चढतात, वाटणी मात्र राहते. मग मुंबईच्या चाकरमान्यांसह वीसेक जणांचा सामाईक सातबारा पिढ्यान्‌पिढ्या तसाच.

कुडाळात फ्लॅट, माणूस पेडण्याचा

पेडण्याच्या माणसाचा कुडाळात फ्लॅट असेल तर त्याच्या वारशाला कुठला कायदा? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जोस पावलो कुतिन्हो खटल्यात याचा निकाल दिला. तिथे वाद मुंबईतल्या मालमत्तेचा होता. गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा गोव्याच्याच कायद्याने, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणजे त्या कुडाळच्या फ्लॅटचं मृत्युपत्र करताना मालक आधी आपला अधिवास तपासून घेईल तर बरं.